वादळात बदक उडत नाय

रस्त्यात आडवं पडलेलं झाड मागे टाकून आम्ही बराच वेळ चालत होतो, तरी पोपटभावजींचं तोंड थांबलं नव्हतं. पाऊस आडवा मारत होता. वाऱ्याने माझी छत्री उलटी केली म्हणून मी ती मिटून काखेत धरली होती. दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीत लोधिवलीला माहेरी आईने दिलेली पितळेची समई, तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. माझ्यापुढे चार पावलांवर भावजी. त्यांच्या पाठीवर खताचं पोतं होतं, आणि पोत्यात खत नव्हतं, कारण ते मधूनच हलत होतं.

"वैनी, एक गोष्ट ध्यानात ठिवा," ते मागे वळून ओरडले. "वादळात बदक उडत नाय. लिहून ठिवा पायजे तर."

"पुढे बघून चाला भावजी. खड्डा आहे."

खड्ड्यात गेलेच. गुडघ्यापर्यंत. पोतं मात्र वर धरलं. स्वतःच्या पोरीलाही त्यांनी कधी एवढं जपून धरलेलं मी पाहिलं नाही.

पोपटभावजी म्हणजे आमच्या ह्यांचे चुलत भाऊ. नात्याने दीर, म्हणून भावजी म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. तोंडाने द्यायचा मान मी देते. मनातून द्यायचा मान माणसाने मिळवावा लागतो, आणि भावजींनी आजवर काही मिळवलेलं माझ्या पाहण्यात नाही. खोपोलीच्या कारखान्यात लागले होते, मुकादम उलट बोलला म्हणून सोडलं. सहा आसनी रिक्षा घेतली, ती चालवायला माणूस ठेवला आणि स्वतः शेजारी बसून फिरले. मग वाट्याची जमीन बंगल्यासाठी किरणशेठना विकून टाकली आणि वर्षभर गावात पांढरे कपडे घालून हिंडले. कपडे मळले तसे त्याच बंगल्यावर राखणदार म्हणून राहिले. आता स्वतःच्याच बापाच्या जमिनीवर गवत कापतात आणि शेठची गाडी आली की फाटक उघडतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र सांगतात, "आपला बंगला."

झाड पडल्यामुळे चौक गावाकडून येणाऱ्या गाड्या तिथेच थांबल्या होत्या. मी उतरून चालायला लागले, तर पाझर तलावाच्या पायवाटेने भावजी वर आले. अंगावर प्लास्टिक, डोक्यावर कसल्याशा विलायती रंगाची टोपी, गळ्यात दोरीने बांधलेली प्लास्टिकची शिट्टी. ही शिट्टी त्यांनी मोबाईलवरून मागवली आहे. वाजवली की बदक ओरडल्यासारखा आवाज येतो म्हणे. येतो तो, पण कुठल्यातरी दुसऱ्या मुलखातल्या बदकाचा. आमच्या तलावावरची बदकं ती ऐकून मान वर करतात, थोडा वेळ बघतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात.

"आता बघा," भावजी पुढे चालू झाले. "हवा जड झाली का बदकाला आधी कळतं. धरणावर लाटा मारायला लागल्या का तिथं बसवत नाय त्येला. मग ते लहान पाणी शोधतं. बांधाच्या आडचं, झाडाच्या आडचं. वादळाच्या आदल्या सांजेला बघा, थवेच्या थवे खाली येतात. अगदी डोक्यावरून."

एवढं खरं होतं. खोटं कशाला सांगू? लावणीच्या दिवसांत वारा फिरला की आमच्या खाचरातही बदकं उतरतात, मोठं धरण सोडून. ते आम्ही लहानपणापासून बघतो, त्याला टोपी लागत नाही. पण भावजींची रीत अशी, की खऱ्याचा एक दगड सापडला की त्यावर खोट्याची माडी बांधायची.

"आन एकदा खाली बसलं," ते म्हणाले, "का वादळ सरेपर्यंत उडत नाय. पंखात वारं भरतं. फुग्यासारखं. आपण जायचं आन आंबा उचलावा तसं उचलायचं."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"व्हिडिओत हाय. एक दाढीवाला हाय अमेरिकेतला. तोंडाला काळं फासून बसतो पाण्यात. काय शिकारी हाय, वैनी!"

"तिकडे बर्फ पडत असेल."

"पडतं ना. पण वारा सगळीकडं वाराच की."

ज्या मोबाईलवर ते हा दाढीवाला बघतात, तो मोबाईल त्यांनी कसा घेतला ते सांगितलं पाहिजे. लॉकडाऊनच्या वर्षी चक्रीवादळ झालं, तेव्हा त्यांच्या गावातल्या घराचे पत्रे उडून भातात जाऊन पडले. सगळ्या गावाने आपापले पत्रे शोधून परत ठोकले. भावजींनीही शोधले. गोळा करून भंगारवाल्याला दिले आणि मोबाईल आणला. म्हणजे डोक्यावरचं छप्पर विकून माणूस बदकं कशी मारायची ते शिकतोय. तेव्हापासून ते, त्यांची बायको चंद्राबाई आणि पोर बंगल्यामागच्या राखणदाराच्या खोलीत राहतात. पक्की खोली आहे, स्लॅबची. चंद्राबाईने दारात रंगाच्या डब्यात तुळस लावली आहे. बंगल्यातली भांडी घासून ती त्या तुळशीपुढे दिवा लावते तेव्हा मला तिची दया येते, आणि भावजींचा राग येतो.

आता ही खोलीच जायची वेळ आली होती, आणि तीही बदकापायी.

किरणशेठने बंगल्यात तळं खणून घेतलं आहे. दर वर्षी आषाढी अवसेला त्यांचे मुंबईचे पाहुणे येतात. आमच्यात त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडतात, कणकेचे गोड दिवे उकडतात, दिव्यांना नमस्कार करून श्रावण घरात घेतात. ह्या लोकांना ती गटारी. व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसायचं, मांडीवर छऱ्याची बंदूक, हाताशी ग्लास, आणि तळ्यातलं पाखरू खुर्चीतून न उठता मारायचं. मग त्याला शिकार म्हणायचं. रानपाखरू मारणं गुन्हा आहे हे आमच्या चौथीतल्या पोरांना माहीत आहे, पण ती पोरं मराठी शाळेत जातात.

गेल्या वर्षी भावजींना जंगली बदक मिळालं नाही. मिळणार कुठून? दाढीवाला बघून घरी बसलेले. मग त्यांनी नेरळच्या बाजारातून पांढरीफेक पाळीव बदकं आणली आणि चुलीची काजळी, कोळशाची पूड असं कालवून त्यांच्या अंगाला फासली. चंद्राबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. बदकं सोडली तळ्यात. पाहुणे खुर्च्यांवर बसले. एकाने नेम धरला, आणि पावसाची सर आली. बघता बघता तळ्याचं पाणी काळं झालं आणि बदकं पांढरी.

पाहुणे हसून हसून खुर्चीवरून पडले. किरणशेठ हसले नाहीत. भावजींनी त्यांना काय सांगावं? "शेठ, जंगली बदकाचा पावसाळ्यात रंग उतरतो."

त्यावर शेठ म्हणाले, पुढच्या गटारीला तळ्यावर खरं बदक दिसलं नाही तर खोली रिकामी करायची. एजन्सीचे वॉचमन हवे तेवढे मिळतात, आणि ते रंगकाम करत नाहीत.

ती पुढची गटारी म्हणजे आज. शेठ दुपारी पोचणार होते, पाहुणे घेऊन. आणि भावजींच्या पोत्यात, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, खरं बदक होतं.

फाट्यावरच्या एसटीच्या थांब्यात आम्ही जरा टेकलो. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बोलायला ओरडावं लागे. भावजींना ओरडायला आवडतंच.

"बघायचंय का?" त्यांनी पोतं मांडीवर घेतलं. "बघा, बघा. कात्री नाय जवळ, नायतर पंख तिथंच कापणार होतो. आता घरी जाऊन कापतो. तळ्यात सोडलं का जातंय कुठं?"

त्यांनी पोत्याचं तोंड उघडलं. आत पाय बांधलेलं बदक, मातकट रंगाचं. डोळे उघडे. चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं, आणि कपाळाशी कुंकवाची दोन बोटं ओढावीत तसं लाल. ह्याला हळदीकुंकवाचं बदक म्हणतात ते उगाच नाही. आणि दिव्याच्या अवसेला अशा पाखराचे पाय सुतळीने बांधलेले!

जिवंत आहे ना, म्हणून मी आत हात घातला. पोटाखाली हात गेला आणि मी थांबले.

ज्या बाईने कोंबड्या पाळल्या आहेत तिला हे सांगावं लागत नाही. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की पोटाची पिसं स्वतःच उपटून टाकते. कातडी उघडी होते आणि तापलेल्या तव्यासारखी लागते, अंड्यांना ऊब मिळावी म्हणून. ह्या बदकाचं पोट तसं होतं. भिजलेल्या पोत्यात, एवढ्या गारठ्यात, तेवढी जागा मात्र कढत.

"भावजी, ही कुठे बसली होती?"

"बांधावर. गवतात."

"तुम्ही जवळ गेलात तरी हलली नाही?"

"तेच तर मगापासून सांगतोय! वादळात—"

"खाली अंडी होती का?"

त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं.

"खाली कोण बघतंय, वैनी? पाखरू हातात आल्यावर."

"ही अंड्यावरून उचललीय तुम्ही. वादळामुळे नाही बसली ती. पिल्लांसाठी बसली होती. माणूस अंगावर आला तरी उठली नाही, म्हणून सापडली. पंखात वारं भरतं म्हणे!"

भावजींचे वडील, धाकलूमामंजी, खरे फासेवाले होते. त्या काळी विचारणारं कुणी नव्हतं. जाळी लावून थव्यातली बदकं धरत. पण अंड्यावरच्या पाखराला ते हात लावत नसत, आणि सापडलंच चुकून तर सोडून घरी येत. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मुलाने बापाची जाळी विकली आणि एवढी एक चाल होती ती विसरला. मी हे बोलून दाखवलं.

वाटलं, लाजतील. लाजले नाहीत. डोळे बारीक करून म्हणाले, "किती असतील?"

"काय किती?"

"अंडी."

"चला," मी म्हटलं. "हिला जिथून उचललं तिथे ठेवायची."

"चला चला," भावजी माझ्याआधी उठले. माझ्या मनात पाखरू होतं, त्यांच्या मनात अंडी होती, पण वाट एकच होती. आलो तेवढं सगळं परत चालायचं. समईने माझा खांदा उतरायला आला होता. एकट्यांना पाठवलं असतं तर पाखरू पोत्यातच राहिलं असतं आणि अंडी टोपीत आली असती, म्हणून मी गेले. घरी दिवे घासायचे पडले होते. राहू देत पडून म्हटलं. आधी हे घासू.

वाटेत त्यांनी मला समजावायला सुरुवात केली, की मी म्हणते ते एका परीने बरोबर असलं तरी ते म्हणतात तेच खरं आहे.

"तुमचं कोंबडीचं ज्ञान हाय, वैनी. मी मानतो. पण ह्ये जंगली हाय. अंडी असली तरी बसलं ते वादळानंच. नायतर मला बघून उडालं असतं."

"बरं."

"बरं काय? माझा अनुभव हाय!"

"कुठला? रंगकामाचा?"

त्यानंतर तलाव येईपर्यंत ते बोलले नाहीत. तेवढाच रस्ता मला हलका गेला.

तलावाचं पाणी बांधापर्यंत चढलं होतं, मातीचं, तांबडं. वारा मोकळा सुटलेला. पलीकडच्या काठाला झाडांच्या आडोशाने बदकांचा एक घोळका पाण्यात डोकी आत घेऊन बसला होता. भावजींनी गवत बाजूला केलं. खाली मऊ पिसांचं खोलगट घरटं, त्यात मळकट पांढरी अंडी. पावसाने वरून ओली झालेली. मी एकाला हात लावला. अगदी गार नव्हतं अजून. आणि पाणी घरट्यापासून वीतभर खाली.

"ठेवा तिला," मी म्हटलं.

भावजींनी पोत्यातून बदक काढलं, दोन्ही हातांत धरलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं जे मी चांगलं ओळखते. सहा आसनी घेताना आलं होतं. जमिनीच्या कागदावर सही करताना आलं होतं.

"आता तुमाला दाखवतोच. हिला हितं ठिवतो, सुतळी सोडतो. अंड्यासाठी बसली असंल तर ती मगाशी. आता मार खाल्लेली, घाबरलेली हाय, आता तर तिनं उडालं पायजे ना? पण उडणार नाय. का? वादळ. मग म्हणा, भावजी बरोबर हायत. मग परत पोत्यात टाकू."

मला कळलं होतं काय होणार ते. मी गप्प राहू शकले असते.

"मग सोडून दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी सुतळी सोडली. बदक अंड्यांशेजारी खाली ठेवलं आणि हात काढून घेतले. बदक बसून राहिलं. भावजी हळूच माझ्याकडे वळले, भुवया वर, तोंड हसायला उघडलेलं. तेवढाच वेळ ते बसलं. मग पंखांचा फटका माझ्या पदराला लागला आणि ते उठलं. वाऱ्याच्या पाठीवर नाही, वाऱ्याच्या तोंडावर. सरळ समोर, पाण्यावरून, कुणी दोरीने ओढून घ्यावं तसं. पलीकडच्या झाडांवरून गेलं आणि पावसात दिसेनासं झालं.

भावजींच्या हातात सुतळी.

मग त्या माणसाने काय करावं? गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि बदकाला बोलवायला लागले. शिट्टीत पावसाचं पाणी साठलं होतं. गुळण्या केल्यासारखा आवाज आला. पलीकडच्या घोळक्यातलं एकही डोकं वर झालं नाही.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. प्लास्टिकच्या आतून काढून त्यांनी कानाला लावला. किरणशेठचा आवाज मलाही ऐकू येत होता. खालापूरचा टोलनाका सोडला होता, झाड बाजूला केलंय का विचारत होते, आणि बदकाचं काय?

"हाय ना शेठ," भावजी म्हणाले. "खरंच हाय. आमच्या वैनी हायत ना हितं, त्यांनीबी बघितलं. हातात धरून बघितलं." मग बराच वेळ नुसतं "हो शेठ, हो शेठ." मग फोन खाली.

ते बांधावरच बसले, चिखलात. मला वाटलं, आता तरी म्हणतील, चुकलं. म्हणाले, "चंद्री तुळशीचा डबा घेतल्याबगार निघायची नाय. आन तिकडं घराला पत्रा कुठाय?"

पत्रा तुमच्या हातात आहे, त्याच्यावर आत्ताच बोललात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले नाही. चंद्राबाईचं नाव निघालं म्हणून.

मग त्यांची नजर घरट्याकडे गेली आणि मान सरळ झाली. ह्या माणसाचं हे एक आहे. तोंडावर पडला तरी पडल्या जागी हाताला काही लागतं का ते चाचपतो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली, आणि एक अंडं उचललं.

"ठेवा ते," मी म्हटलं. "ती परत येईल."

"पाणी चढतंय, वैनी."

मी बघितलं. मघाशी वीतभर होतं, आता चार बोटं राहिली होती. घरट्याच्या कडेचं एक पीस पाण्यावर तरंगत होतं. सकाळपासून तो माणूस दुसऱ्यांदा खरं बोलला होता, आणि बोलून माझ्याकडे बघत होता, माझं उत्तर जसं काही त्यांना आधीच माहीत होतं.

"तुमची काळी कोंबडी खुडूक बसलीय ना? चंद्री सांगत होती. तिच्याखाली घालू ही. शेठला दाखवतो, पिल्लं होणारेत म्हणून. पिल्लं म्हटली का शेठीणबाई विरघळते. पुढल्या गटारीपर्यंत खोली राहील. खरी बदकं, वैनी. रंगाबिंगाची नाय."

"म्हणजे मी उबवायची, वाढवायची, आणि पुढच्या अवसेला त्या खुर्चीवाल्यांनी मारायची."

"ते पुढल्या अवसेचं झालं. ही तर आजच मरतात." एक, दोन, तीन अशी अंडी टोपीत जात होती. टोपी सगळीकडून गळत होती. अंड्यांखाली गार पाणी साठत होतं, ते त्यांनाही दिसलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं, ओल्या पोत्याकडे बघितलं, मग माझ्या पिशवीकडे.

"वैनी, तुमच्या पिशवीतलं लुगडं कोरडं हाय ना?" पोपटभावजींनी टोपी माझ्यापुढे धरली आणि दुसरा चिखलाचा हात पुढे केला. "ह्यास्नी त्यात गुंडाळून घ्या. अवसेच्या दिवशी नाय म्हणू नका. समई द्या हिकडं, ती मी धरतो."